भीती खसखशीएवढी, शंका डोंगराएवढ्या

नवे वर्ष लागले की गोव्याच्या डोंगरउतारांवर काजू मोहरतो. पुढचे तीन-चार महिने डिचोली, पेडणे, सत्तरीच्या वाटांवर पिकल्या बोंडूंचा वास दरवळत असतो. हुर्राकाच्या भट्ट्या पेटतात, आणि आमच्या खानापूर-बेळगावच्या जंगलपट्ट्यातले मजूर चोर्ला घाट उतरून बिया गोळा करायच्या कामाला जातात. याच दिवसांत आणखी एक पाहुणा येतो, न बोलावलेला. मराठी-कोकणीत त्याला माकडताप म्हणतात, कन्नडमध्ये मंगन कायिले. दोन्हींचा अर्थ एकच, माकडाचा आजार. माझ्या मते दोन्ही भाषांनी बिचाऱ्या माकडावर अन्यायच केला आहे. तो कसा, ते पुढे सांगते.

माझे माहेर डिचोली तालुक्यातले आणि सासर बेळगावचे कन्नड. त्यामुळे या तापाच्या बातम्या मी दोन्ही बाजूंनी आणि दोन्ही भाषांतून ऐकत आले आहे. त्यावरून एक गोष्ट पक्की कळली. साथीच्या दिवसांत जंतू जेवढे फिरतात, त्याहून अधिक वेगाने शंका फिरतात. शंकेला वेळच्या वेळी उत्तर मिळाले नाही की तिची भीती होते, आणि भ्यालेला माणूस नेमके नको तेच करतो.

तीन वर्षे, तीन गावे

आधी थोडा इतिहास पाहू. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडे मरून पडू लागली आणि आसपासच्या खेड्यांत माणसे तापाने फणफणू लागली. माकडे मरताहेत म्हटल्यावर प्रथम शंका आली ती पीतज्वराची. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतला हा भयंकर रोग भारतात पोहोचला तर काय होईल, या कल्पनेनेच जाणकारांची झोप उडाली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राची (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही) माणसे जंगलात गेली. त्यांनी मेलेली माकडे तपासली, रुग्णांचे रक्त घेतले, पाचोळ्यातल्या गोचिडी गोळा केल्या. तेव्हा कळले की हा पीतज्वर नाही. हा वेगळाच विषाणू आहे आणि तो गोचिडीच्या चाव्यातून येतो. जंगलाच्या नावावरून त्याला क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, म्हणजेच केएफडी, हे नाव पडले.

पुढची पन्नासहून अधिक वर्षे हा आजार बहुतांशी शिमोगा आणि शेजारच्या जिल्ह्यांपुरताच राहिला. त्यानंतर मात्र त्याने सह्याद्रीची वाट धरली. २०१५ मध्ये सत्तरीतल्या पाली गावात काजूच्या बागांत राबणारी माणसे आजारी पडली. २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात ताप आला. २०१७ मध्ये सावंतवाडी तालुक्यातल्या बांदा परिसरात आला. तिन्ही ठिकाणी माणसे दगावली.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. सत्तरी डिचोलीच्या पूर्वेला आहे. दोडामार्ग डिचोलीच्या डोक्यावर आणि पेडण्याच्या खांद्याला लागून आहे. पेडण्यातला पत्रादेवीचा नाका ओलांडला की बांदा हाकेच्या अंतरावर. म्हणजे तीन वर्षांत या तापाने डिचोली आणि पेडण्याभोवती अर्धे कडे केले. लाटंबार्से किंवा इब्रामपूरच्या माणसाला तो दूरच्या जिल्ह्यातला आजार वाटून चालणारे नाही. बेळगावकरांनाही नाही, कारण सत्तरीत काजूच्या कामाला गेलेल्या खानापूर तालुक्यातल्या मजुरांनाही हा ताप झाला. सीमाप्रश्न माणसांचा. गोचिडीला कुठला तपासणी नाका आणि कुठले राज्य!

गुन्हेगार कोण?

माकडावरचा अन्याय तो इथेच. रोग पसरवते ती गोचीड. तीही गुरांच्या कानात लटकलेली, फुगलेली गोचीड नव्हे. माणसाला चावते ते तिचे पिल्लू, जेमतेम खसखशीच्या दाण्याएवढे. पावसाळा सरल्यावर ही पिल्ले पाचोळ्यात वाढतात. डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत त्यांचा जोर असतो. रानातले उंदीर, चिचुंद्र्या यांच्या अंगावर त्यांचे पोषण होते आणि विषाणूही त्यांच्यातच टिकून राहतो. लाल तोंडाचे माकड आणि काळ्या तोंडाचे वानर यांना हा विषाणू आपल्यासारखाच बाधतो, आणि आपल्याहून जास्त मारतो. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि त्या जागी विषाणूचा जणू साठाच होतो.

काजूच्या बागेशी याचे नाते आता लक्षात येईल. पिकलेल्या बोंडूंसाठी माकडे बागेत येतात. त्याच झाडाखाली, त्याच पाचोळ्यात आपली माणसे उकिडवी बसून तासन् तास बिया वेचतात. हंगामही तोच आणि जागाही तीच.

म्हणून माकडांना दगड मारून काही साधत नाही. हाकललेली टोळी गोचिडींसह दुसऱ्या बागेत जाते, एवढेच. मेलेले माकड दिसले तर त्याला हात लावू नका, स्वतः पुरायला किंवा जाळायला जाऊ नका. आपल्याकडे मारुतीच्या नावाने त्याच्यावर हळदकुंकू वाहून त्याला मूठमाती देण्याची रीत आहे. भाव चांगला आहे, पण या दिवसांत नमस्कार लांबूनच करावा. प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा वनखात्याला कळवावे. ते भोवतालच्या ५० फुटांच्या पट्ट्यात मॅलॅथिऑनची पूड मारतात. मेलेले माकड हा रानाने आपल्याला पाठवलेला निरोप आहे. तो वेळेवर पोहोचवणे हे आपले काम.

वर्गातले शंकासमाधान

२०१६ च्या उन्हाळ्याआधीची गोष्ट. माझ्या वर्गात खानापूरच्या जंगलभागातला एक मुलगा होता. त्याची आई गोव्यात काजूच्या कामाला गेली होती आणि ताप घेऊन परत आली होती. ही बातमी वर्गात पसरली आणि दोन दिवसांत त्याच्या बाकावर बसायला कोणी तयार होईना. त्याच्या गल्लीतही तेच. शेजारणीने ताकाचे भांडे परत मागितले नाही, "राहू दे तुमच्याकडेच" म्हणाली. मुलगा मला एवढेच म्हणाला, "मॅडम, आई तापाने नाही, या भांड्याने रडली."

त्या दिवशी मी धडा बाजूला ठेवला. मुलांना कागदाच्या चिठ्ठ्या दिल्या आणि सांगितले, नाव न घालता मनातली शंका लिहा, मराठीत लिहा नाहीतर कन्नडमध्ये. चिठ्ठ्या घरी आणल्या, ओळखीच्या डॉक्टरांबरोबर बसून उत्तरे काढली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात वाचून दाखवली. त्यातली काही प्रश्नोत्तरे आजही उपयोगी पडतील.

रुग्णाच्या शेजारी बसल्याने हा ताप होतो का? नाही. माणसाकडून माणसाला हा आजार लागत नाही. रुग्णाची सेवा करावी, जवळ बसावे, पेज भरवावी, त्याचे भांडे घासून परत द्यावे आणि घ्यावेही.

काजूगर किंवा बोंडू खाल्ल्याने होतो का? नाही. धोका फळात नाही, फळाखालच्या पाचोळ्यात आहे.

गाईम्हशींच्या दुधातून होतो का? तसा पुरावा नाही. दूध तापवून पिण्याची आपली सवय चांगलीच आहे, ती चालू ठेवावी. मात्र गुरे रानात चरायला जातात आणि गोचिडी गोठ्यात आणतात. म्हणून गोठा झाडून स्वच्छ ठेवावा, पशुवैद्यांना विचारून गुरांना औषध लावावे आणि रानातला पातेरा गोठ्यात अंथरण्यासाठी आणू नये.

ताप आला म्हणजे माणूस जातोच का? नाही. शंभर रुग्णांत सर्वसाधारणपणे तीन ते पाच दगावतात, बाकीचे बरे होतात. हा आकडा लहान नाही, त्या घरांसाठी तर नाहीच. पण तो मृत्यूचा हुकूमही नाही. वेळेवर उपचार मिळाले की पारडे आपल्या बाजूला झुकते.

शेवटची चिठ्ठी वाचून झाल्यावर मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला आणि काही न बोलता त्या मुलाशेजारी जाऊन बसला. मुलाची आई पुढे बरी झाली.

बागेत जाताना

भीती कमी करायची तर हाताला काम द्यावे. या आजारात हाताला करण्यासारखे बरेच आहे.

बागेत जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पायघोळ विजार घालावी. विजारीची टोके मोज्यांत खोचावी. बायकांनी साडीखाली विजार आणि वर जुना शर्ट घालावा. दिसायला कसेही दिसो, बागेत कोण बघतो? आरोग्य केंद्रातून मिळणारे गोचीडरोधक तेल (डीएमपी किंवा डेपा) उघड्या हातापायांना आणि मानेला चोळावे. घामाने ते उतरते, म्हणून मधल्या सुट्टीत पुन्हा लावावे. पाचोळ्यावर थेट बसू नये, आडवे तर मुळीच पडू नये.

घरी आल्यावर कपडे उंबऱ्याबाहेर काढून गरम पाण्यात टाकावेत आणि साबणाने अंघोळ करावी. मग उजेडात अंग तपासावे. काखा, जांघा, गुडघ्यामागची घडी, कानामागे, केसांच्या मुळाशी. मुलांचे अंग आईने पाहावे, आजीचे नातीने. गोचीड चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी. चिरडू नये, रॉकेल ओतू नये, विडीचा चटका देऊ नये. ती जागा आणि हात साबणाने धुवावेत.

लशीबद्दल बरेच जण विचारतात. या तापावर एक जुनी लस होती आणि बाधित गावांत ती दिली जात असे. पण तिचा परिणाम पुरेसा टिकत नसल्याचे दिसून आले आणि २०२२ मध्ये ती थांबवण्यात आली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची इंडियन इम्युनोलॉजिकल्स यांनी नव्या लशीचे काम हाती घेतले आहे. ती सर्वांपर्यंत पोहोचेपर्यंत आपले मोजे, आपले तेल आणि आपले डोळे हीच आपली लस.

ताप आला तर

गोचीड चावल्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांनी ताप येतो. तो हळूहळू चढत नाही, एकदम येतो. हुडहुडी, कपाळ फुटेल असे वाटणारी डोकेदुखी, अंग ठेचून काढल्यासारखे दुखणे, उलट्या, काहींना नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त. अशा वेळी "उन्हाचा ताप असेल" म्हणून घरी थांबू नये. डॉक्टरांकडे जावे आणि आपणहून सांगावे, "मी काजूच्या बागेत काम करतो," किंवा "आमच्या रानात माकड मेले होते." हे एक वाक्य निदानाची अर्धी वाट कमी करते. नाहीतर मलेरिया, डेंग्यू, लेप्टो यांच्या तपासण्यांत दिवस जातात. मनाने वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत. ॲस्पिरिनसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

या विषाणूला नेमके मारणारे औषध नाही. शरीरातले पाणी टिकवणे, रक्तस्रावावर लक्ष ठेवणे आणि विश्रांती हाच उपचार. तो वेळेवर मिळाला तर पुरेसा ठरतो. विश्रांतीचे मात्र गांभीर्याने घ्या. शंभरातल्या दहा ते वीस रुग्णांना ताप उतरल्यावर एक-दोन आठवड्यांनी तो पुन्हा उलटतो. या दुसऱ्या फेरीत तीव्र डोकेदुखी, हातापायांना कंप, डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात गोंधळ अशी मेंदूशी संबंधित लक्षणे दिसतात. ताप उतरला म्हणून चौथ्या दिवशी बागेत पळणाऱ्यांना हे सांगायलाच हवे. मला कळते, हंगाम तीन-चार महिन्यांचाच असतो, आणि एक दिवस घरी बसले की एका दिवसाची मजुरी जाते. म्हणून बागायतदारांना एक विनंती. आजारी मजुराची जागा राखून ठेवा, म्हणजे तो ताप लपवणार नाही. लपवलेला ताप त्याच्याही जिवाशी खेळतो. शिवाय आपल्या बागेत धोका आहे, हे तुम्हालाही कळत नाही.

ताप लपवण्याची सवय आपण कोरोनातही पाहिली. २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागली ती ऐन काजूच्या हंगामात. दोडामार्गातून रोज डिचोली-म्हापशाला कामाला जाणारी माणसे नाक्यावर अडकली. आमच्या घरी तर बेळगाव आणि डिचोली ही दोन टोके फोनच्या तारेवर लटकत होती. त्या दिवसांत साध्या शिंकेचीही चोरी झाली. कोणी पकडून नेईल, घराला फलक लावतील, शेजारी तोंड फिरवतील, या धास्तीने कित्येक जण दवाखान्यात उशिरा पोहोचले. साथीत शिस्त हवीच. पण रुग्णाची लाज काढणारी शिस्त रोगाला लपायला जागा देते.

समाधान या शब्दाचे दोन अर्थ

आमच्या सासूबाईंना मराठी कळते, पण धीर देताना त्यांच्या तोंडी कन्नडच येते. कोरोनाच्या काळात माहेरून वाईट बातमी आली की त्या म्हणत, "गाबरी आगब्याड, समाधान माडको." गाबरी म्हणजे आपली घाबर, ते सहज कळते. पण समाधान? मराठीत समाधान म्हणजे तृप्ती. पोटभर जेवण झाले, मुलाला नोकरी लागली की आपले समाधान होते. साथीत कसले आले समाधान? कन्नडमध्ये मात्र समाधान म्हणजे शांतपणा, धीर. समाधान माडको म्हणजे मन शांत कर, सावकाश घे.

मग आठवले, मराठीतही हा शब्द आणखी एका जोडीने येतो. शंकासमाधान. शंकेला उत्तर मिळणे. मला वाटते, या दोन अर्थांमध्ये कार्यकारणाचा धागा आहे. मराठीतले शंकासमाधान झाले की कन्नडमधले समाधान आपोआप येते. "घाबरू नका" असे नुसते शंभरदा सांगून कोणी शांत होत नाही. काय होते, कशाने होते, काय केले म्हणजे टळते, हे कळले की छातीतली धडधड उतरते.

मनाचेही पथ्य असते. बातम्या दिवसातून एकदाच ऐकाव्यात, त्याही आरोग्य खात्याच्या. मोबाईलवर आलेला निरोप पुढे पाठवण्याआधी आशाताईला किंवा केंद्रातल्या परिचारिकेला विचारावे. जेवणाच्या आणि झोपेच्या वेळा मोडू नयेत. मुलांसमोर "आता आपले काय होणार" असे बोलू नये. त्यांना अंग तपासायचे, मोजे धुवायचे काम द्यावे. एवढे करूनही रात्री झोप लागत नसेल, छाती दडपत असेल, तर टेलि-मानसच्या १४४१६ क्रमांकावर बोलता येते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या या सेवेत मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषांची सोय आहे. मनाच्या डॉक्टरशी बोलणे म्हणजे वेड लागणे नव्हे, हेही एक शंकासमाधानच.

काजूचा मोहोर गळायच्या आत एक काम करा. वहीचे एक पान घ्या. एका बाजूला मराठीत आणि दुसऱ्या बाजूला कन्नडमध्ये लिहा: जवळच्या आरोग्य केंद्राचा फोन नंबर, गोवा-कर्नाटक-महाराष्ट्र तिन्हीकडे चालणारा रुग्णवाहिकेचा १०८, बागेत जाण्याआधीच्या चार गोष्टी, आल्यानंतरच्या चार गोष्टी. ते पान दाराच्या आतल्या बाजूला, मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावा. तुमच्या घरून कोणी घाट उतरून कामाला जात असेल, तर त्याची एक प्रत जेवणाच्या डब्याबरोबर द्या. आणि शेजारच्या घरी कोणाला ताप आला, तर ताकाचे भांडे घेऊन जा. ते परत आणायलाही विसरू नका.